भूमितीची सूट

६ जानेवारी १९८१, मंगळवार

सुरेंद्रच्या कंपनीची नव्या वर्षाची डायरी घरात आली. (डायरीत 'सुरेंद्र', समोर 'अहो'. एवढी चैन मी स्वतःला देऊन टाकली आहे.) दरवर्षी ही डायरी कपाटावर धूळ खात पडते. यंदा तसं होणार नाही, कारण यंदा लिहिण्यासारखं घडलंय. बोर्डाची परवानगी आली! आमची हौसा मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसणार.

हौसा माझ्याच वर्गात आहे, पिंपळे गुरवची. लहानपणी गोवराच्या तापात तिचे दोन्ही डोळे गेले. आठवीपर्यंत पुण्याला अंध मुलींच्या शाळेत शिकली आणि मग घरी बसली. तिची आई गिरजाबाई पिंपरीच्या मंडईत भाजी विकते. दीड वर्षापूर्वी मेथीची जुडी हातात देता देता तिनं मला सहज सांगितलं, की पोरगी रेडिओवरच्या बातम्या शब्दन् शब्द परत म्हणून दाखवते. मी तिथंच ठरवलं, हिला संत तुकाराम नगरच्या आमच्या शाळेत आणायचं. मी एकदा ठरवलं की ठरवलं. मुख्याध्यापिका सुमनताईंचं डोकं खाल्लं, बोर्डात खेटे घातले आणि आज त्याला फळ आलं.

तिला जे बोलायचं ते लिहायला लेखनिक मिळणार, मात्र तो खालच्या वर्गातला हवा. प्रत्येक पेपरला जादा वेळ, बसायला वेगळी खोली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मी अर्जात मुद्दाम मागितली होती, तीही मिळाली. भूमितीच्या पेपरातून संपूर्ण सूट! मला स्वतःला अजून भूमिती म्हटलं की घाम फुटतो. मॅट्रिकला मला कुणी अशी सूट दिली असती तर मी त्याच्या पायाच पडले असते.

शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. गणिताचे देशमाने सर नुसतं "बरं" म्हणाले आणि बोटांवरचा खडू झटकत बसले. काहींना दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही. हौसाच्या हातात पेढा ठेवला, तर ती तो तसाच धरून बसून राहिली. फार भारावली असणार.

९ जानेवारी, शुक्रवार

हौसा भोळी आहे अगदी. भूमितीचा तास आता तिला नाही, तेवढा वेळ वाचनालयात निवांत बस म्हणून सांगितलं, तरी ही आपली देशमाने सरांच्या तासाला पहिल्या बाकावर. विचारलं तर म्हणाली, "सवय झालीया बाई." बरं, सरांना तरी काही वाटावं? फळ्यावर आकृती काढताना हा माणूस एकेक रेघ मोठ्यानं बोलत असतो. "आता अ पासून ब पर्यंत आडवी रेघ. आता ब वर काटकोन, वरच्या अंगाला." भिंतीपलीकडं मी कविता शिकवत असते, तिथं हे सगळं ऐकू येतं. पूर्वी ते असं करत नसत, मुकाट्यानं आकृती काढत. वयाप्रमाणे माणसाला खुळं लागतात, दुसरं काय!

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

लेखनिक मिळाली! शेजारच्या ब्लॉकमधली मृदुला, नववीत आहे, अक्षर मोत्यासारखं. तिची आई आधी कां कू करत होती, पण तिळगूळ द्यायच्या निमित्तानं गेले आणि होकार घेऊनच उठले.

दुपारी दोघींना वाचनालयात समोरासमोर बसवून सराव घेतला. मृदुलाला बजावलं होतं, हौसा जे बोलेल तेच लिहायचं, आपल्या पदरचा काना-मात्रा घालायचा नाही. पोरीनं तसंच केलं. हौसा म्हणाली, "थांब, आजून न्हाई सुरू केलं," आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत हिनं स्वच्छ अक्षरात तेच उतरवलं. आम्ही पोट धरून हसलो. मग हौसानं तिला समजावलं, "मी बोलती ते येगळं आन् सांगती ते येगळं. मी 'लिही' म्हनलं की लिही." आणि त्यानंतर जी काय पुस्तकी मराठी सुरू झाली तिच्या तोंडून, 'नाही', 'आहे', 'तथापि' सुद्धा! मी थक्क झाले. माझ्याच तासाला ऐकलेलं सगळं, माझ्याच ठेक्यात.

यंदा आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष आहे. सुमनताई म्हणत होत्या, एखाद्या वर्तमानपत्रवाल्याला बोलवू. फोटोत हौसा मध्ये, मृदुला डावीकडं, आणि मी मागं उभी. कोणती साडी नेसावी हे ठरवायला अजून वेळ आहे.

सुरेंद्रला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, हौसाला काय वाटतं? मी म्हटलं, वाटायचंय काय, आनंदच आहे की.

२० जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला बसले आहे. राग आलाय की लाज वाटतेय, ते मलाच कळत नाही.

शाळा सुटल्यावर मंडईत गेले. गिरजाबाईच्या शेजारी हौसा शेंगा निवडत बसली होती. समोरच्या कापडदुकानात संक्रांतीचा सेल अजून चालू आहे. एक पोऱ्या स्टुलावर उभा राहून सारखा ओरडत होता, सूट, सूट, आज शेवटचा दिवस. माझी स्वारी खुशीत. मी हौसाला म्हटलं, ऐकलंस का, तुझ्यासारखी सूट इथंही मिळतेय.

तिनं हातातली शेंग मोडून टोपलीत टाकली. मग मान वर न करता म्हणाली, "बाई, आई सकाळीच जाऊन आली त्या दुकानात. सूट डागी कापडावर हाय. चांगल्या कापडाला न्हाई."

गिरजाबाईनं तिला कोपरखळी मारली. पण पोरगी थांबली नाही. "लिहायला मानूस पायजे मला, येळ पायजे. त्याच्याबिगर मला परीक्षाच देता येनार न्हाई. ती सवलत झाली. पर भूमिती मला नको, असं मी कवा म्हनले? मला इचारलं का कुनी?"

मी तशीच वळले आणि मेथी न घेताच घरी आले.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळपर्यंत राग होता. मी हिच्यासाठी चपला झिजवल्या, आणि हिनं मला चारचौघांत असं बोलावं? सुरेंद्रचा चहा जरा जोरातच आपटला. सेकंड शिफ्टला जायचं म्हणून तो घरीच होता. म्हणाला, "मी विचारलं होतं तेव्हा तू म्हणालीस आनंदच आहे. ते ती म्हणाली होती, की तू?" मी मराठी शिकवते. सूट आणि सवलत यांतला फरक मला भाजीवालीच्या मुलीनं मंडईत बसून सांगावा! आणि सांगितला तोही अगदी बरोबर.

मधल्या सुट्टीत देशमाने सरांना गाठलं. मनातून वाटत होतं, ते म्हणतील की भूमिती हा डोळ्यांचा विषय, तुम्ही केलंत ते योग्यच. ते म्हणाले, "दीड वर्ष मी फळ्यावर बोलत बोलत आकृत्या काढतोय, ते काय माझ्या करमणुकीसाठी?"

 हौसाला भूमिती येते का, एवढंच कसंबसं विचारलं.

"निम्मी येते. निम्मी येणारी आणखी वीस पोरं आहेत त्या वर्गात. त्यांच्यासाठी कुठं सूट मागितलीत तुम्ही?"

आणि मी ह्यांना मत्सरी ठरवलं होतं. हौसाला व्हरांड्यात गाठून म्हटलं, माझं चुकलं, मी उद्या-परवा बोर्डात जाते.  माझा हात हातात घेऊन तिनं इतका जोरात दाबला की बांगडी पिचली.

२३ जानेवारी, शुक्रवार

बोर्डातले अधिकारी फार सज्जन निघाले. सूट परत करायला आलेला त्यांनी अजून कुणी पाहिला नव्हता म्हणे. त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं, बाई, नक्की ना? सूट घेणं सक्तीचं नाही, ते म्हणाले. पण एकदा पेपर द्यायचा ठरला की तो सगळ्यांसारखाच धरला जाणार. त्यात नापास झाली तर परीक्षेतच नापास. आकृत्या लेखनिकानंच काढायच्या, पण हौसा तोंडानं सांगेल तेवढ्याच. आणि वडिलांची लेखी संमती हवी.

बसमध्ये बसल्यावर सगळ्या अटी पुन्हा बोटांवर मोजल्या. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर, परवानगी आली त्या दिवसापेक्षा आज मला जास्त मजा येतेय.

२५ जानेवारी, रविवार

पिंपळे गुरवला जाऊन आले. हौसाचे वडील चिमाजी कंपनीत लोडिंगला आहेत, बोलायला मोजकेच. त्यांना सगळं सांगितलं. त्यांना पटेना. सुटलेला पेपर पुन्हा गळ्यात कशाला घ्यायचा? आंधळ्या पोरीला शाळेत घालून काय दिवे लावणार, म्हणून आळीतली माणसं आधीच हसतात. त्यात ती नापास झाली तर? सूट घेतली तर पास होईल, पास झाली तर अकरावीला पुण्याला जाईल, सरळ हिशोब होता त्यांचा. आणि चुकीचा म्हणता येत नव्हता.

हौसा दाराशी उभी होती. तिनं सांगितलं, "आबा, मला बसायचंय."

चिमाजींनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "बस. पर येकदाच. पास झालीस तर फुडं शीक. न्हाई झालीस तर साळंचं नाव काढायचं न्हाई."

सही करताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी धीट चेहरा ठेवला होता, पण मनात एकच विचार होता. माझ्या हौसेपायी हौसाचं वाटोळं झालं तर?

१५ फेब्रुवारी, रविवार

इतके दिवस लिहायला फुरसत झाली नाही. घरातल्या उशीची रया गेली आहे! त्या उशीवर आम्ही टाचण्या खोचतो आणि टाचण्यांना दोरा ओढून त्रिकोण, वर्तुळ, स्पर्शिका करतो. हौसा बोटं फिरवते आणि प्रमेय म्हणते. पुस्तक मी वाचून दाखवते. मॅट्रिकला ज्या प्रमेयानं मला रडवलं, ते परवा मला तिच्याआधी कळलं. मी इतकी आनंदले की मोठ्यानं ओरडले, आणि हौसा म्हणाली, "बाई, आता परीक्षेला तुमीच बसा."

लफडं झालं ते आकृत्यांचं. हौसा सांगते "डावीकडं बिंदू घे", आणि मृदुला समोर बसलेली, तिचं डावं वेगळं. त्रिकोण उलटेच यायला लागले. शेजारी बसवलं तरी दोघी घाईत चुकायच्या. शेवटी हौसानंच तोड काढली. वाचनालयात एका बाजूला खिडकी, समोर दार. मग "खिडकीकडं रेघ ओढ", "दाराकडं कंस काढ". एकदम झकास! आता सुरेख आकृत्या येतात. देशमाने सर सुद्धा खूश झाले. त्यांनी काल स्वतःच्या पैशानं मृदुलाला नवा कंपास आणून दिला.

१८ मार्च, बुधवार

भाषेचे पेपर उत्तम गेले. इतिहासात हौसा इतकं भराभर सांगत होती की मृदुलाचं बोट सुजलं, ते हळद लावून ठीक केलं. उद्या भूमिती. मी कंपासपेटी तीनदा उघडून तपासली. हौसा मात्र घरी जाताना गाणं गुणगुणत होती.

१९ मार्च, गुरुवार

काय तो दिवस! सगळं मृदुलाकडून कळलं तसं लिहिते, कारण मी बाहेर झाडाखाली बसून होते.

आजवरचे पेपर केंद्रावरच्या एका वर्गात झाले होते. आज तिथं दुसरं कुणी बसवलं आणि ह्या दोघींना दिली खेळाच्या सामानाची खोली. त्या खोलीला खिडकी नव्हती! आणि दार होतं ते मागच्या भिंतीला. पहिलीच आकृती. हौसा म्हणाली, "खिडकीकडं रेघ ओढ," आणि मृदुलानं पेन्सिल उचलून इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, ताई, इथं खिडकीच नाही.

मृदुला सांगते, हौसाताईचा चेहरा पांढरा पडला. महिनाभर जी भाषा घोटली होती ती सगळी त्या वाचनालयात राहिली. डावं-उजवं म्हणून पाहिलं, तर पहिलाच त्रिकोण उलटा. मी ह्या गोष्टीचा विचारच केला नव्हता. खिडकी सगळीकडं असते असं डोळे असणाऱ्या माणसाला वाटतं, आणि मला तर नुसते डोळेच नाहीत, चष्मासुद्धा आहे.

तेवढ्यात बाहेरून मुंबई-पुणे हायवेवरचे ट्रक ऐकू आले. हौसानं कान दिला. विचारलं, "मृदुला, मुंबई कुठल्या अंगाला?" आपल्याकडं जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हायवेला लागून वाढलेलो आपण, बसची वाट बघतानाही "मुंबईकडची बाजू" आणि "पुण्याकडची बाजू" असंच म्हणतो. मृदुलानं सांगितलं. आणि गाडी सुरू झाली! "मुंबईकडं बिंदू प घे. पुण्याकडं सहा सेंटिमीटर रेघ."

पर्यवेक्षक चपापून उठले. हे मुंबई-पुणे काय चाललंय, काही खुणा ठरवल्यात का, म्हणून त्यांनी लिहिणं थांबवलं. त्यांचं तरी काय चुकलं? हौसानं त्यांना शांतपणे समजावलं, आणि एक आकृती त्यांच्यासमोर काढून घेऊन दाखवली. ते म्हणाले, लिहा. पुढं अख्खा पेपर ते दारात उभे राहिले, बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून.

बाहेर आल्यावर हौसा घामानं निथळत होती आणि हसत होती. किती सोडवलं विचारलं तर म्हणाली, "जेवढं येत हुतं तेवढं."

१८ जून, गुरुवार

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, मराठीत शाळेत दुसरी. भूमितीत थोडक्यात नापास. म्हणजे परीक्षेतच नापास.

सुमनताईंच्या खोलीत मला रडू आवरेना. सूट तशीच राहू दिली असती तर आज ही मुलगी पास होती. अकरावीचं दार मी स्वतःच्या हातानं लावलं. त्या खोलीवरून तक्रार करायची, वेळ फुकट गेला ते लिहायचं, मी तावातावानं कागदही मागितला.

हौसानं मला थांबवलं. "तसं लिहू नका, बाई. त्या खोलीतल्या सरांनी येळ भरून दिला हुता. शेवटची दोन प्रमेयं मलाच येत न्हवती."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आधी उमगेना. ती उजळली होती. तिनं माझ्याकडून पुन्हा एकदा भूमितीचा आकडा वाचून घेतला, मग आणखी एकदा.

"म्हंजी बोर्डानं माझा पेपर सगळ्यांवानी तपासला," ती म्हणाली.

२१ जून, रविवार

सकाळी दारावर थाप. चिमाजी. कंपनीचा निळा शर्ट घालून थेट शिफ्टवरून आलेले. मी त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः उभी राहिले, कारण काय ऐकावं लागणार ते ठाऊक होतं. "येकदाच" म्हणाले होते, आणि ती एकदा झाली होती.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सावकाश सांगायला सुरुवात केली. शुक्रवारी आळीत निकालाचीच चर्चा. पाटलांचा पोरगा भूमितीत गेला, वाण्याचा गेला, भैरू गवंड्याचा तर गणिताच्या दोन्ही पेपरांत गेला. पारावर सगळे बाप तोंडं पाडून बसलेले. कुणीतरी चिमाजींनाही हाक मारली, या, बसा, तुमची पण भूमितीतच गेली ना? आणि ते जाऊन बसले. पोरगी आंधळी झाल्यापासून पारावर त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं.

मग ते उठले. त्यांनी विचारलं, ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म कुठं मिळतो?

मी म्हटलं, तुम्ही तर एकदाच म्हणाला होतात.

"म्हनलो हुतो. पर पाटील पोराला बसवतोय, वानी बसवतोय, भैरू बी बसवतोय. मंग माझीच काय म्हून घरी बसंल?"

फॉर्म मी उद्या आणते. मृदुला आता दहावीत गेली, तिला लेखनिक होता येणार नाही, म्हणून आठवी-नववीतली कुणी नवी मुलगी शोधायला हवी. तशी दोन नावं डोळ्यासमोर आहेत. हौसाला मात्र आधी विचारणार आहे, तिला कोण चालेल ते.